पोरं हेरली, पिकवली आणि वेळेआधी विकली : कच्च्या खेळाडूंचा बाजार उभा करणारा ब्रँच रिकी

१९४८ साली अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एक अजब सौदा झाला.

ब्रुकलिन डॉजर्स या बड्या संघाचा रेडिओ समालोचक रेड बार्बर आजारी पडला. त्याच्या जागी तातडीने माणूस हवा होता. अटलांटाच्या एका छोट्या संघाकडे एर्नी हारवेल नावाचा तरुण, गोड गळ्याचा समालोचक होता. पण तो कराराने बांधलेला, आणि त्याचा मालक त्याला फुकट सोडायला तयार नव्हता. मालकाला हवा होता एक कॅचर. बॅटरच्या मागे बसून चेंडू अडवणारा, आपल्या विकेटकीपरसारखा गडी.

डॉजर्सच्या प्रमुखाने आपल्या दुय्यम संघातला क्लिफ डॅपर नावाचा कॅचर अटलांटाला देऊन टाकला आणि बदल्यात समालोचक घेतला.

खेळाडू देऊन समालोचक आणल्याचं हे बेसबॉलमधलं एकमेव गाजलेलं उदाहरण. हारवेल पुढे २००२ पर्यंत समालोचन करत राहिला आणि अमेरिकेतला सगळ्यात लाडका आवाज ठरला. डॅपर मोठ्या लीगमध्ये आयुष्यात फक्त ८ सामने खेळला होता. त्यात १७ वेळा बॅटिंगला येऊन त्याने ८ हिट मारले होते. आकडा झकास, पण डॉजर्सकडे त्याच जागेसाठी रॉय कॅम्पानेला नावाचा अस्सल हिरा तयार होता. डॅपर चांगला होता, पण त्या संघासाठी तो जास्तीचा माल होता.

हा हिशेब ज्याच्या डोक्यात झाला, त्याचं नाव ब्रँच रिकी.

जगाला रिकी माहीत आहे तो जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा माणूस म्हणून. ते खरंच आहे. पण त्याची दुसरी ओळख तितकीच मोठी आहे. ज्या पोराने अजून मोठ्या मैदानावर पाऊलही ठेवलेलं नाही, त्याची किंमत आज किती धरायची, हे बेसबॉलला त्याने शिकवलं. आणि त्या पोराला स्वतःच्या किमतीतला वाटा का मिळत नाही, हा प्रश्नही त्याच्याच कामातून मोठा झाला.

आधी थोडं समजून घ्या

अमेरिकेत सगळ्यात वरच्या पातळीला मेजर लीग म्हणतात. रिकीच्या काळात तिथे १६ संघ होते. त्याखाली मायनर लीगची उतरंड. गावोगावचे छोटे संघ आणि त्यात खेळणारी १८-२० वर्षांची पोरं. त्यातल्या फार थोड्यांनाच वरपर्यंत पोचायला मिळतं.

ट्रेड म्हणजे दोन संघांनी खेळाडूंची केलेली अदलाबदल. आयपीएलमुळे हा शब्द आपल्याकडेही रुळलाय. फरक एवढाच की आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. रिकीच्या काळातल्या बेसबॉलमध्ये खेळाडूला कुणी विचारायचं नाही. करारात एक कलम असायचं. त्याच्या जोरावर हंगाम संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ त्याला ठेवेल, विकेल, बदलेल किंवा खालच्या लीगमध्ये पाठवेल. खेळाडूपुढे दोनच रस्ते. मुकाट्याने खेळा, नाहीतर घरी बसा.

रिकीचा सगळा डाव या कलमाच्या जमिनीवर उभा होता.

एका सामन्यात १३ चोऱ्या

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१ चा, ओहायो राज्यातल्या स्टॉकडेलजवळचा. घरी शेती आणि वातावरण कडक मेथडिस्ट धार्मिक. रविवारी मैदानात जायचं नाही, हा नेम त्याने खेळाडू म्हणून पाळला आणि पुढे संघ चालवतानाही पाळला.

खेळाडू म्हणून तो बेताचाच. सेंट लुईस ब्राउन्स आणि न्यू यॉर्क हायलँडर्स या संघांकडून तो कॅचर म्हणून खेळला. २८ जून १९०७ या दिवशी त्याच्या नावावर एक नकोसा विक्रम लागला. बेसबॉलमध्ये बेसवर उभा असलेला खेळाडू संधी साधून पुढच्या बेसवर पळतो, त्याला बेस चोरणं म्हणतात. त्याला फेकीने बाद करणं हे कॅचरचं काम. रिकीचा खांदा दुखावलेला होता. वॉशिंग्टनच्या संघाने त्या एका सामन्यात त्याच्यासमोर १३ बेस चोरले.

मग क्षयाने गाठलं. न्यू यॉर्क राज्यातल्या सॅरानॅक लेकच्या आरोग्यधामात उपचार घेऊन तो बरा झाला, मिशिगन विद्यापीठातून वकील झाला, आयडाहोतल्या बॉइसी शहरात वकिली थाटली. ती काही चालली नाही. १९१३ मध्ये तो पुन्हा बेसबॉलकडे वळला, यावेळी ऑफिसातल्या खुर्चीवर. ब्राउन्समधून १९१७ मध्ये तो त्याच शहरातल्या सेंट लुईस कार्डिनल्सकडे आला आणि खरी गोष्ट इथून सुरू झाली.

खिशात दमडी नाही, मग शेतीच करू

कार्डिनल्स हा तेव्हा कर्जबाजारी संघ होता. त्या काळी मायनर लीगचे संघ स्वतंत्र असायचे. चांगलं पोरगं त्यांनी शोधायचं आणि जो मेजर लीग संघ जास्त पैसे देईल त्याला विकायचं.

रिकीची नजर तयार होती. आपण हेरलेलं पोरगं पुढे नाव काढतं, हे त्याला दिसत होतं. पण अडचण वेगळीच होती. रिकीने एखाद्या पोरात रस दाखवला की त्याचा मालक लगेच न्यू यॉर्कच्या श्रीमंत संघांना कळवायचा. रिकीला आवडलंय म्हणजे माल चांगलाच असणार! मग पैसेवाले यायचे आणि पोरगं घेऊन जायचे. नजर रिकीची, खेळाडू दुसऱ्याचा.

शेतकऱ्याच्या पोराने यावर उत्तर काढलं ते शेतीचंच. तयार पीक बाजारात विकत घ्यायला पैसे नसतील तर स्वतःची जमीन घ्या आणि पेरा.

१९२० च्या सुमारास कार्डिनल्सने आपलं जुनं मैदान सोडलं आणि ब्राउन्सच्या मैदानावर भाड्याने खेळायला सुरुवात केली. मैदानाची जागा विकून सुमारे २ लाख ७५ हजार डॉलर आले. मालक सॅम ब्रेडन याच्या पाठिंब्याने रिकीने छोट्या गावांतल्या संघांत हिस्सेदारी घ्यायला सुरुवात केली. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिरॅक्यूज. पोरं स्वस्तात करारबद्ध करायची, खालच्या संघात खेळवायची आणि पायरी-पायरीने वर आणायची. यालाच पुढे फार्म सिस्टम हे नाव पडलं. आज मेजर लीगचा प्रत्येक संघ याच पद्धतीने चालतो.

त्याआधी कार्डिनल्सने एकदाही नॅशनल लीग जिंकली नव्हती. १९२६ मध्ये त्यांनी ती जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये बलाढ्य यँकीजनाही हरवलं. पुढे १९३१, १९३४ आणि १९४२ मध्ये पुन्हा वर्ल्ड सिरीज. ऐन बहरात कार्डिनल्सच्या हाताखाली ३० हून जास्त संघ होते आणि शेकडो पोरं कराराने बांधलेली होती.

कोणतं पोरगं मोठं होईल हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, हे रिकीने मनोमन मान्य केलं होतं. म्हणून त्याने भर दिला संख्येवर. भरपूर रोपं लावा, त्यातली काही झाडं होणारच.

स्टॅन म्युझिअलचं उदाहरण बघा. हा गडी कार्डिनल्सच्या मायनर लीगमध्ये पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. १९४० मध्ये झेल घेताना तो खांद्यावर पडला आणि पिचिंग संपलं. एरवी अशा पोराचा विषय तिथेच मिटला असता. पण साखळीत संघ भरपूर होते, जागा भरपूर होत्या. म्युझिअलला बॅटर म्हणून पुन्हा उभं राहता आलं. पुढच्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये आला आणि बेसबॉलच्या सार्वकालिक महान बॅटरांमध्ये जाऊन बसला.

एक वर्ष उशिरा नको, एक वर्ष आधी

पीक भरपूर आलं की विकावंही लागतं. इथे रिकीचा दुसरा नियम आला. खेळाडू उतरणीला लागल्यावर विकायचा नाही. तो शिखरावर आहे असं लोकांना वाटतंय, तेव्हाच विकायचा. एक वर्ष उशीर होण्यापेक्षा एक वर्ष घाई झालेली बरी.

डिझी डीन हा कार्डिनल्सचा सुपरस्टार पिचर. १९३४ मध्ये त्याने ३० सामने जिंकून दिले होते. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात त्याच्या पायावर चेंडू बसला आणि अंगठा मोडला. पाय पूर्ण बरा होण्याआधीच तो मैदानात उतरला, त्या नादात फेकीची पद्धत बदलली आणि हात निकामी व्हायला लागला.

एप्रिल १९३८ मध्ये रिकीने डीनला शिकागो कब्जकडे धाडलं. बदल्यात कर्ट डेव्हिससह ३ खेळाडू आणि १ लाख ८५ हजार डॉलर रोख घेतले. त्या वर्षी डीनने ७ सामने जिंकले, फक्त १ हरला आणि कब्जने नॅशनल लीग मारली. वरवर बघता रिकी फसला. पण डीनला पुढची ३ वर्षं धरून कब्जकडून एकूण १६ विजयच मिळाले. इकडे कर्ट डेव्हिसने १९३९ च्या एका हंगामात कार्डिनल्सला २२ सामने जिंकून दिले.

म्हणजे कब्ज फसले का? तेही नाही. त्यांना त्या वर्षी लीग जिंकायची होती आणि ती त्यांनी जिंकली. ट्रेडमध्ये एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, असं दर वेळी नसतं. एकाला आजची भाकरी हवी असते, दुसऱ्याला उद्याचं पीक. दोघांच्या गरजा वेगळ्या असल्या तर दोघंही खूश होऊ शकतात.

हा नियम दर वेळी लागू पडला असंही नाही. डिसेंबर १९४१ मध्ये रिकीने जॉनी माइझ हा जबरदस्त बॅटर ५० हजार डॉलर आणि ३ खेळाडूंच्या बदल्यात न्यू यॉर्क जायंट्सला दिला. माइझ संपला नव्हता. १९४७ मध्ये त्याने तब्बल ५१ होम रन ठोकले. तरीही माइझ गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, कारण खालून म्युझिअलसारखी पोरं वर येत होती. एकट्या ट्रेडकडे बघितलं तर तोटा, सगळा संघ बघितला तर निभावून गेलं.

या विक्रीला आणखी एक बाजू होती. खेळाडू विकून आलेल्या पैशात रिकीचा स्वतःचा ठरावीक वाटा असायचा. त्यामुळे एखादा सौदा संघाच्या भल्यासाठी झाला की रिकीच्या खिशासाठी, हा संशय त्याची पाठ सोडत नव्हता.

न्यायाधीश लँडिसचा दणका

बेसबॉलचा कारभार तेव्हा केनेसॉ माउंटन लँडिस या माजी न्यायाधीशाच्या हातात होता. त्याला फार्म सिस्टम अजिबात पसंत नव्हती. गावाचा संघ गावाचा असावा आणि वर जायची लायकी असलेलं पोरगं एका मालकाच्या साखळीत कुजू नये, असं त्याचं म्हणणं.

त्याचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. कार्डिनल्सच्या साखळीत एकाच जागेसाठी ५-६ चांगली पोरं असायची. वर एकच जागा. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं खालीच खेळायचं. दुसरा एखादा संघ त्यांना आनंदाने घेईल, पण करार कार्डिनल्सकडे. दुसरी बाजूही होती. मंदीच्या काळात अनेक छोटे संघ बंद पडले असते, ते या साखळीच्या पैशावर जगले.

मार्च १९३८ मध्ये लँडिसने दणका दिला. एकाच लीगमधल्या एकाहून जास्त संघांवर कार्डिनल्सचा छुपा ताबा होता, हे त्याने उघड केलं आणि त्यांच्या ७० हून अधिक खेळाडूंना करारातून मोकळं केलं.

त्यातलाच एक होता पीट रायझर. वय १९. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला अवघ्या १०० डॉलरमध्ये उचललं. १९४१ मध्ये २२ वर्षांचा रायझर नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त बॅटिंग सरासरीचा मानकरी ठरला. कराराची दोरी तुटल्याबरोबर एक पोरगं कुठे पोचू शकतं, याचा हा जिवंत पुरावा होता.

महात्मा की चिक्कू?

१९४२ च्या शेवटी रिकी ब्रुकलिन डॉजर्सचा प्रमुख झाला. न्यू यॉर्कच्या पत्रकारांनी त्याला दोन टोपणनावं दिली. पहिलं नाव होतं महात्मा आणि ते थेट गांधीजींवरून आलं होतं. जॉन गुंथर या लेखकाने गांधीजींचं वर्णन देव, बाप आणि मुरलेला राजकारणी यांचं मिश्रण असं केलं होतं. एका क्रीडा पत्रकाराला वाटलं, हा तर आपला रिकीच. दुसरं नाव होतं एल चीपो, म्हणजे साध्या मराठीत कंजूस. लांबलचक प्रवचन देत देत तो खेळाडूचा पगार कापायचा, अशी त्याची ख्याती होती.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. बहुतेक संघांनी नवी पोरं शोधणं थांबवलं होतं, कारण सगळीच सैन्यात जाणार. रिकीने उलटं केलं. देशभरातल्या शाळांच्या प्रशिक्षकांना पत्रं पाठवली, माणसं फिरवली आणि पोरं करारबद्ध केली. युद्ध आज ना उद्या संपणार आणि पोरं परत येणार, हा त्याचा हिशेब. ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस याच काळात डॉजर्सकडे आले.

आणि मग बेसबॉलने अनेक दशकं ज्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवली होती, तिकडे तो वळला. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती. ते आपल्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत होते.

रिकीच्या मनात कॉलेजच्या दिवसांची एक सल होती. तो ओहायो वेस्लियन विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक असताना चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला एका हॉटेलने खोली नाकारली होती. त्या रात्री थॉमसची झालेली अवस्था आपण कधी विसरलो नाही, असं रिकी आयुष्यभर सांगत राहिला. पण त्याच्यातला व्यापारीही जागा होता. गुणवत्तेचा एवढा मोठा साठा पडून आहे आणि १६ पैकी एकही संघ बोली लावत नाही, हे त्याला दिसत होतं.

२८ ऑगस्ट १९४५ ला तो जॅकी रॉबिन्सनला भेटला. ३,५०० डॉलर बोनस आणि महिना ६०० डॉलर पगार ठरला. रॉबिन्सनला आधी मॉन्ट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवलं. १९४६ मध्ये त्याने तिथे ३४९ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला नंबर काढला. बेसबॉलमध्ये ३०० म्हणजेही उत्तम. १५ एप्रिल १९४७ ला तो मेजर लीगमध्ये उतरला आणि इतिहास घडला.

पण रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळत होता, त्या संघाला रिकीने एक छदामही दिला नाही. एका मोठ्या अन्यायाचा शेवट करताना त्याने एका संघाचा खेळाडू फुकटात नेला. काही महिन्यांनी क्लीव्हलँड संघाच्या बिल व्हीकने लॅरी डोबी या खेळाडूसाठी त्याच्या निग्रो लीग संघाला पैसे मोजले. म्हणजे ते करता येत होतं.

आकडेवाला माणूस

१९४७ मध्ये रिकीने ॲलन रॉथ नावाच्या कॅनडाच्या तरुणाला नोकरी दिली. काम एकच, प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची. कुणी कुणाविरुद्ध कसं खेळलं, चेंडू कुठे गेला, सगळं.

डिक्सी वॉकर हा तेव्हा ब्रुकलिनचा लाडका बॅटर. १९४७ ची सरासरी ३०६, म्हणजे मस्तच. पण तो ३७ वर्षांचा झाला होता, आणि त्याचे फटके पूर्वीसारखे ताकदीने त्याच्या हुकमी बाजूला जात नव्हते, हे रॉथच्या नोंदींत दिसत होतं. शिवाय रॉबिन्सन संघात येणार म्हटल्यावर वॉकरने स्वतःच आपली बदली मागितली होती.

डिसेंबर १९४७ मध्ये वॉकर आणि दोन पिचर पिट्सबर्गला गेले. बदल्यात आले प्रीचर रो, बिली कॉक्स आणि जीन मॉक. वॉकर आणखी दोन हंगाम खेळून थांबला. कॉक्स वर्षानुवर्षं डॉजर्सची तिसरी बेस सांभाळत राहिला आणि रोने १९५१ मध्ये २२ सामने जिंकून फक्त ३ हरले. एकेकाळचा मोठा खेळाडू पिट्सबर्गकडे गेला आणि पुढच्या काळातले दोन मोठे खेळाडू ब्रुकलिनला मिळाले.

पुढे १९५४ मध्ये रिकीने लाइफ मासिकात लेख लिहिला. बॅटरचं मोल नुसत्या सरासरीवर ठरवू नका, तो किती वेळा बेसपर्यंत पोचतो ते बघा, असं त्याने सूत्र मांडून सांगितलं. हीच गोष्ट बेसबॉलच्या ऑफिसांत सर्वमान्य व्हायला पुढची ४०-५० वर्षं लागली.

सॅम जेथ्रोचं काय झालं?

मायनर लीगमधल्या खेळाडूचा सौदा कसा तोलायचा, हे शिकायला एक नाव पुरेसं आहे. सॅम जेथ्रो.

विजेच्या वेगाने पळणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू. १९४८ मध्ये रिकीने त्याला निग्रो लीगच्या क्लीव्हलँड बकाइज संघाकडून ५ हजार डॉलरला घेतलं आणि मॉन्ट्रियलला पाठवलं. १९४९ मध्ये जेथ्रोने तिथे ८९ बेस चोरले. सगळीकडे त्याच्याच नावाची चर्चा.

आणि रिकीने त्याला विकलं! बॉस्टन ब्रेव्हजला, मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन.

कारणं साधी होती. जेथ्रोची जागा डॉजर्सकडे ड्यूक स्नायडरने भरली होती आणि तो जेथ्रोपेक्षा बराच तरुण होता. शिवाय जेथ्रोचा सगळा खेळ पायांवर आणि पाय सगळ्यात आधी थकतात. १९५० मध्ये जेथ्रो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तेव्हा त्याने तिशी ओलांडलेली होती. तीन हंगामांत त्याचा बहर ओसरला.

कागदावर हा सौदा बिनचूक. वय बघितलं, आपल्याकडे जागा आहे का ते बघितलं, गुण किती वर्षं टिकेल ते बघितलं आणि भाव चढलेला असताना माल काढला. आजही कुठल्या संघाने मायनर लीगमधली पोरं देऊन काय मिळवलं, याची चर्चा होते तेव्हा हेच प्रश्न विचारले जातात.

पण जेथ्रोच्या बाजूने बघा. तो नवोदित म्हणून तिशीनंतर आला, कारण त्याची ऐन उमेदीची वर्षं वर्णभेदाने खाल्ली होती. मेजर लीगमधली त्याची वर्षं इतकी कमी भरली की पेन्शनही मिळेना. १९९० च्या दशकात, सत्तरी पार केल्यावर, त्याला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. कोर्टात तो हरला. नंतर १९९७ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगमधल्या जुन्या खेळाडूंसाठी वार्षिक मदत जाहीर केली. ५ हजारात आलेल्या माणसावर झालेला नफा मात्र केव्हाच हिशेबाच्या वहीत जमा झाला होता.

पिट्सबर्ग : हरलेला डाव की पेरणी?

१९५० मध्ये डॉजर्समधला आपला हिस्सा सुमारे साडेदहा लाख डॉलरला विकून रिकी पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला. तिथे त्याची पार दैना झाली. १९५२ मध्ये संघाने ४२ सामने जिंकले आणि ११२ हरले.

संघात एकच तारा होता, राल्फ काइनर. सलग ७ हंगाम नॅशनल लीगमध्ये होम रनमध्ये तो पहिला किंवा बरोबरीत पहिला. रिकीने आधी त्याच्या पगाराला कात्री लावली. त्याच्याशिवायही आपण शेवटचेच येऊ, मग एवढा पगार कशाला, असा त्याचा युक्तिवाद. जून १९५३ मध्ये त्याने काइनरसह ४ जण शिकागोला दिले आणि ६ खेळाडू व रोख रक्कम घेतली. शहर खवळलं. त्या सहापैकी कुणीच मोठं नाव काढलं नाही. पाठीच्या दुखण्याने काइनरही १९५५ नंतर थांबला.

रिकीचं सगळ्यात मोठं यश मात्र शेवटच्या नंबरामुळेच आलं. तेव्हा एक नियम होता. ४ हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस देऊन घेतलेला नवा खेळाडू मायनर लीगमध्ये ठेवला, तर हंगामानंतर दुसरा संघ त्याला ठरावीक किमतीत उचलू शकतो. डॉजर्सने पोर्तो रिकोच्या एका पोराला १० हजार बोनस देऊन मॉन्ट्रियलमध्ये ठेवलं होतं. रिकीचा जुना सहकारी क्लाइड सुकफोर्थ तिथे दुसराच खेळाडू बघायला गेला आणि त्याची नजर या पोराच्या फेकीवर खिळली.

शेवटच्या नंबरच्या संघाला पहिली निवड मिळते. नोव्हेंबर १९५४ मध्ये पायरेट्सने ४ हजार डॉलर भरले आणि पोरगं नेलं. त्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे. पुढे ३,००० हिट्स आणि बेसबॉलच्या सर्वोच्च खेळाडूंमध्ये गणना.

रिकी १९५५ मध्ये पायउतार झाला तेव्हा संघ शेवटचाच होता. लोकांच्या लेखी तो नापास. १९६० मध्ये पायरेट्सने यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या संघात क्लेमेंटे, बिल माझेरोस्की, डिक ग्रोट, रॉय फेस होते. सगळे रिकीच्या काळात आलेले.

म्हणूनच कच्च्या खेळाडूंच्या सौद्याचा निकाल त्याच दिवशी लावता येत नाही. ज्या दिवशी शहर खवळतं, त्या दिवशी निम्मा हिशेब व्हायचाच असतो.

वहीत न आलेला रकाना

९ डिसेंबर १९६५ ला, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला काही दिवस बाकी असताना, मिसुरीतल्या कोलंबिया शहरात रिकी गेला. महिनाभरापूर्वी तिथल्याच एका सत्कार समारंभात भाषण करता करता तो कोसळला होता. १९६७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं.

त्याच्या वहीत वय होतं, पळण्याचा वेग होता, फेकीची ताकद होती, पुढची वर्षं होती. खेळाडूच्या स्वतःच्या इच्छेचा रकाना मात्र नव्हता. तो त्या काळात कुणाच्याच वहीत नव्हता. खुद्द रॉबिन्सनलाही, रिकी गेल्यानंतरच्या डॉजर्सने डिसेंबर १९५६ मध्ये न विचारता जायंट्सला देऊन टाकलं. रॉबिन्सन तिकडे गेला नाही, त्याने खेळच सोडला.

१९६९ मध्ये कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडने आपला ट्रेड नाकारला आणि थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९७२ मध्ये तो हरला. पण १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने ते जुनं कलम मोडीत निघालं आणि मेजर लीगचे खेळाडू मोकळे झाले.

खालच्या पोरांना आणखी थांबावं लागलं. तुटपुंज्या पगारावर खेळणाऱ्या मायनर लीगच्या खेळाडूंची संघटना झाली २०२२ मध्ये आणि त्यांचा पहिला सामूहिक करार झाला २०२३ मध्ये. रिकीने पहिली पेरणी केली, त्याला तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती.

आज कुठलाही संघ ट्रेडमध्ये ३-४ अनोळखी पोरं देतो किंवा घेतो, तेव्हा हिशेब रिकीनेच घालून दिलेल्या रीतीने होतो. त्या यादीतल्या बहुतेक नावांना वरची पायरी कधीच दिसत नाही. पण आता निदान त्यांच्या पगाराबद्दल बोलायला त्यांची स्वतःची संघटना आहे.